अडतीस अंशांचा उतार

३८ अंशांचा उतार म्हणजे नेमका किती, हे कागदावर वाचून कळत नाही. घरातला जिना साधारण ३० ते ३५ अंशांत बसवलेला असतो. त्याहून थोडा उभा जिना डोळ्यांसमोर आणा, पायऱ्या काढून टाका, कठडा काढून टाका, खाली माती आणि दगड घाला. आता पाठीवर ओझे घेऊन वर चढा. जपानमध्ये टोकियोच्या उत्तरेला, तोचिगी प्रांतातल्या आशिकागा शहराबाहेर अशा उतारावर द्राक्षबाग आहे. ती लावली शाळेतल्या मुलांनी. तीही कोणत्या मुलांनी, तर जी शाळेत काही शिकू शकणार नाहीत असे सगळ्यांनी आधीच ठरवून टाकले होते त्यांनी.

नोबोरु कावाता हे आशिकागातल्या एका माध्यमिक शाळेत शिक्षक होते आणि त्यांच्याकडे ‘विशेष वर्ग’ होता. बौद्धिक अपंगत्व असलेली मुले त्या वर्गात बसत. बसत हाच शब्द बरोबर आहे, कारण बसण्यापलीकडे त्यांच्याकडून फारशी कोणाची अपेक्षा नव्हती. ही गोष्ट १९५८ ची. जपानमध्ये अपंग मुलांसाठीच्या विशेष शाळांचे शिक्षण सक्तीचे व्हायला १९७९ उजाडावे लागले; तोवर अशा कित्येक मुलांना ‘शिक्षणातून सूट’ मिळे, म्हणजे सभ्य शब्दांत घरी ठेवले जाई. कावातांनी डोंगराचा तुकडा घेतला. तो इतका उभा होता की दुसऱ्या कोणाला नकोच होता, म्हणून परवडला. मुलांना घेऊन त्यांनी झाडोरा तोडला, मुळे उपटली, दगड वेचले आणि ६०० च्या आसपास द्राक्षवेली लावल्या.

त्यांचे म्हणणे साधे होते. या मुलांचे हात मऊ राहिले आहेत. घरच्या माणसांनी मायेपोटी आणि थोडे लाजेपोटीही त्यांना काही करू दिलेले नाही. बुटाची नाडी दुसऱ्याने बांधायची, ताटातल्या माशाचे काटे दुसऱ्याने काढून द्यायचे. दमणे, भूक लागणे, उन्हातून आल्यावर पाणी गोड लागणे या गोष्टी त्यांच्या वाट्याला येतच नाहीत. खाली वर्गात बेरजा शिकवण्यापेक्षा आधी त्यांना दमवू या. आजच्या विशेष शिक्षकाला हे थोडे राकट वाटेल, आणि काही अंशी ते तसे आहेच. पण त्या राकटपणात एक आदर होता, तो मला महत्त्वाचा वाटतो. ‘तुझ्याकडून होईल’ असे त्या मुलांना बहुधा पहिल्यांदाच कोणीतरी म्हणत होते.

द्राक्षच का निवडले, याचे उत्तर ज्याने द्राक्षबाग जवळून पाहिली आहे त्याला सांगावे लागत नाही. तासगाव-पलूस किंवा दिंडोरी-निफाडकडच्या कोणाही बागायतदाराला विचारा: ही बाग माणसांचे हात खाते. छाटणी, काडी बांधणे, फुटवे काढणे, घडातले मणी विरळ करणे, आणि उन्हापासून वाचवायला घडाघडाला पेपर लावणे. आपल्याकडे बाया दिवसभर मंडपाखाली माना वर करून घड गुंडाळतात आणि स्टेपलर मारतात. जपानमध्ये पावसामुळे घडावर रोग पडतो, म्हणून प्रत्येक घडाला मेणकागदाची छोटी टोपी घालतात. एकच हालचाल, हजारो वेळा. यंत्र इथे उपयोगाचे नाही, आणि ३८ अंशांवर तर ट्रॅक्टर चढतच नाही. ज्या उतारामुळे जमीन स्वस्त मिळाली, त्याच उतारामुळे तिथे माणूस लागला.

आता ही टोपी घालायला शिकवायचे कसे, ते जरा जवळून पाहू, कारण शेतावरच्या शिक्षणाचे मर्म अशा बारीक जागीच असते. आपल्याला ते एक काम दिसते. शिकवणाऱ्याला त्यात आठ-नऊ कामे दिसावी लागतात: गठ्ठ्यातून एकच कागद सुटा करणे, त्याची खाच कोणत्या बाजूला ते ओळखणे, एका हाताने देठ धरणे पण मण्यांना हात न लावणे, कागद देठाभोवती फिरवणे, दोन्ही कडा जुळवणे, चिमटा दाबणे, हात सोडणे, पुढच्या घडाकडे सरकणे. विशेष शिक्षणात याला कामाचे विश्लेषण म्हणतात. यातली एक युक्ती मला फार आवडते, ती म्हणजे उलटी साखळी. सुरुवात शेवटापासून करायची. आधीचे सगळे शिक्षक करतो आणि मुलाला फक्त चिमटा दाबायला देतो. चिमटा बसला की टोपी घडावर टिकते आणि काम ‘झालेले’ दिसते. म्हणजे पहिल्याच दिवशी मुलाच्या हाती काम संपल्याचा क्षण येतो. मग शेवटून दुसरी पायरी त्याच्याकडे, मग तिसरी. सुरुवातीकडून शिकवले तर मूल आठवडाभर कागद सुटे करत राहते आणि कशासाठी, ते त्याला कळत नाही.

वर्गातही हे करता येते, आणि केले जाते. प्लास्टिकचे मणी ओवायचे, संध्याकाळी शिक्षकाने ते उसवून ठेवायचे, उद्या पुन्हा ओवायचे. ज्याला बोलता येत नाही अशा मुलालाही हे कळते की मणी उसवले गेले. घडावरची टोपी कोणी काढत नाही. ती पावसाळाभर तिथेच असते, आणि मूल रोज तिच्याखालून जाते.

त्या बागेतले सर्वांत प्रसिद्ध काम मात्र टोप्यांचे नव्हे, कावळ्यांचे आहे. द्राक्षे पिकू लागली की कावळे येतात. मग एक जण पहाटे डोंगराच्या माथ्यावर जातो आणि रिकामा डबा बडवत राहतो. दिवसभर, ऊन असो की वारा. असे काम आपण कोणाला सांगितले तर तो दोन तासांत कंटाळून मोबाइल काढेल. तिथे ते निष्ठेने करणारी माणसे निघाली, आणि एरवी त्यांच्याविषयी ‘एकच गोष्ट पुन्हा पुन्हा करतो’ अशीच तक्रार असे.

इथे एक धोक्याची पाटी लावून ठेवतो. यावरून ‘ऑटिझम असलेल्यांना तेच ते काम आवडतेच’ असा सोयीचा नियम काढणारे पुष्कळ भेटतात. तो खोटा आहे. काहींना आवडते, काहींचा जीव जातो. एखाद्याला मातीचा स्पर्श सहन होत नाही, एखाद्याला कोंबड्यांचा कलकलाट कानात सुया टोचल्यासारखा वाटतो. शेत सगळ्यांनाच मानवते असे नाही. शेताचा गुण इतकाच की तिथे कामाची निवड मोठी असते. डबा बडवणारा एक, ओंडके वाहणारा दुसरा, खाली शेडमध्ये सावलीत बसून पेट्या लावणारा तिसरा.

ओंडक्यांचे काम थंडीतले. वेली झोपलेल्या असतात तेव्हा शिताके या अळिंबीची लागवड चालते. ओकसारख्या झाडांचे ओंडके कापायचे, त्यांना भोके पाडायची, भोकांत अळिंबीचे बीज ठोकून बसवायचे आणि ओंडके सावलीत रचायचे. मग ते उलटायचे, हलवायचे, उचलून दुसरीकडे न्यायचे. ओल्या ओंडक्याचे वजन चांगलेच असते. तो खांद्यावर घेऊन उतार चढताना प्रत्येक पावलाला तोल सांभाळावा लागतो, कुठे पाय ठेवायचा ते बघावे लागते. शाळेच्या सपाट गुळगुळीत फरशीवर असे बघायची वेळ कधी येत नाही. स्नायूंवर असा भार पडला की बेचैन शरीर शांत होते, असे व्यवसायोपचार करणारे सांगतात; आईबाप तेच दुसऱ्या शब्दांत सांगतात, की पोरगं रात्री झोपायला लागलं.

१९६९ मध्ये या उताराच्या पायथ्याशी निवासी संस्था उभी राहिली, कोकोरोमी गाकुएन. ‘कोकोरोमी’ म्हणजे करून पाहणे. पुढचा पेच वेगळाच होता. नुसती द्राक्षे विकून भागत नव्हते आणि समाजकल्याण संस्थेला दारू गाळायचा परवाना मिळत नव्हता. तेव्हा कावातांच्या विचाराशी सहमत असलेल्या पालकांनी पैसे घालून १९८० मध्ये वेगळी कंपनी काढली. ही कंपनी संस्थेकडून द्राक्षे विकत घेणार, कामाचा मोबदला देणार आणि वाइन करणार. परवाना मिळाला १९८४ मध्ये. १९८९ मध्ये कॅलिफोर्नियाहून ब्रूस गटलव्ह नावाचा तरुण वाइनतज्ज्ञ सल्लागार म्हणून थोड्या दिवसांसाठी आला. तो तिथेच रमला. बारकाईने, चिकाटीने हाताने काम करणारी इतकी माणसे कुठल्याही वायनरीला हेवा वाटावा अशीच होती.

फसफसणाऱ्या वाइनचे उदाहरण घ्या. जुन्या फ्रेंच पद्धतीत बाटलीतच दुसऱ्यांदा आंबवण होते आणि यीस्टचा गाळ बाटलीत उरतो. तो काढायला बाटल्या तिरक्या फळ्यांच्या भोकांत मान खाली करून ठेवतात आणि रोज थोड्या थोड्या फिरवतात. गाळ हळूहळू सरकत मानेशी जमा होतो. मग मान गोठवून बूच उघडले की तो गोळा बाहेर उडतो. झटका दिला तर गाळ पुन्हा वर चढतो, एक दिवस विसरले तर एका बाजूला चिकटतो. हे काम मोठ्या कारखान्यांत आता यंत्रे करतात. इथे ते संस्थेतल्या माणसांनी केले. त्यांच्या हातून फिरलेली ‘नोवो’ नावाची वाइन २००० मध्ये ओकिनावाला भरलेल्या जी-८ शिखर परिषदेच्या मेजवानीत जगातल्या बड्या राष्ट्रप्रमुखांच्या पेल्यांत ओतली गेली.

ही बातमी सांगताना बहुतेक लोक डोळे पुसतात. कावातांना नेमके तेच नको होते. दया म्हणून विकली जाणारी वाइन करायची नाही, ही त्यांची हट्टाची गोष्ट होती. आपण आपल्याकडे पाहू. दिवाळीच्या आधी विशेष शाळांचे स्टॉल लागतात. रंगवलेल्या पणत्या, उटण्याची पाकिटे, कागदी पिशव्या, आकाशकंदील. आपण जातो, दोन डझन पणत्या घेतो, ‘किती छान केलंय हो मुलांनी’ म्हणतो, आणि मागच्या वर्षीच्या पणत्या माळ्यावर तशाच असतात. मीही हे केले आहे. त्यात वाईट काही नाही, पण त्या खरेदीत आपण पणती घेत नाही, स्वतःसाठी थोडे पुण्य घेतो. वाइन वाईट निघाली तर गिऱ्हाईक दुसरी बाटली घेत नाही. त्या निर्दयपणात कामाची किंमत असते.

आशिकागात माणसे आयुष्यभर राहतात. दुसरा रस्ता आहे तो शाळेतून आठवड्याला एक-दोन दिवस शेतावर जाण्याचा, आणि तो ब्रिटनमध्ये चांगला रुळला आहे. तिथेही सुरुवात उशिराच झाली. ‘यांना शिकवता येत नाही’ असा शिक्का बसलेली मुले १९७० च्या कायद्यानंतर, १९७१ पासून शिक्षणखात्याच्या कक्षेत आली. १९७८ मध्ये मेरी वॉरनॉक यांच्या समितीने अपंगत्वाचे जुने कप्पे बाजूला ठेवून ‘विशेष शैक्षणिक गरजा’ ही भाषा रूढ केली: मुलात काय कमी आहे ते नको, त्याला काय लागते ते सांगा. २०१४ च्या कायद्याने इंग्लंडमध्ये मुलाच्या शिक्षण, आरोग्य आणि देखभालीची एकत्र योजना तयार होऊ लागली आणि ती गरजेप्रमाणे वयाच्या २५ वर्षांपर्यंत चालू ठेवता येते. या योजनेत लिहून घेतले की शेतावरच्या दिवसाचा खर्च स्थानिक प्रशासनाच्या पैशातून होऊ शकतो.

तो दिवस दिसतो कसा? सकाळी टॅक्सी फाटकाशी येते. गमबूट घालायचे; हेच कित्येकांचे पहिल्या महिन्याचे उद्दिष्ट असते. फळ्यावर चित्रे असतात: बादली, मेंढी, झाडू, चहाचा कप. या क्रमाने दिवस जाणार. मेंढ्यांना खाद्य मोजून घालायचे, म्हणजे वजन आणि माप आले. अंडी गोळा करून सहा-सहाच्या खोक्यांत भरायची, म्हणजे भागाकार आला, आणि उरलेल्या चार अंड्यांचे करायचे काय हा प्रश्नही आला. शेळी फाटक ढकलून पळाली तर ते वेळापत्रकात नसते, आणि त्याच दिवशी एरवी कोणाशी न बोलणारा मुलगा ओरडून दुसऱ्याला बोलावतो. शाळेत मोठ्यांच्या चेहऱ्याकडे पाहून बोलावे लागते. शेतावर दोघेही बादलीकडे पाहत बोलतात. ज्याला नजरेला नजर देणे जड जाते त्याच्यासाठी हा फरक लहान नाही.

आणि हात धुणे. यावर एक अख्खे प्रकरण लिहिता येईल. २००९ मध्ये इंग्लंडच्या सरे परगण्यात पर्यटकांना प्राण्यांजवळ नेणाऱ्या एका शेतावरून ई-कोलाय ओ-१५७ या जंतूची लागण ९३ जणांना झाली. त्यांत लहान मुले बरीच होती, काहींची मूत्रपिंडे निकामी होण्यापर्यंत पाळी आली. तेव्हापासून नियम कडक आहे: साबण आणि वाहते पाणी, सॅनिटायझरवर भागवायचे नाही, कारण शेणामातीने माखलेल्या हातांवर तो पुरेसा काम करत नाही. बोटे तोंडात घालणाऱ्या मुलाला हे शिकवणे हे त्या दिवसाचे सर्वांत कठीण काम असते.

नेदरलँड्समध्ये अशा ‘देखभालीच्या शेतां’ची संख्या १९९८ मध्ये ७५ च्या आसपास होती, दहा-बारा वर्षांत ती हजाराच्या पुढे गेली. डच शेतकरी एकाएकी दयाळू झाले नाहीत. दुधाचे भाव मार खात होते, आणि सरकारने देखभालीचा निधी व्यक्तीच्या नावाने देण्याची पद्धत आणली. कुटुंबाने तो पैसा कुठे खर्च करायचा ते कुटुंबानेच ठरवायचे. पैसा माणसाबरोबर चालू लागला आणि शेतापर्यंत आला. शेतकऱ्याला एक जोडधंदा मिळाला. जपाननेही म्हातारे होत चाललेले शेतकरी आणि काम शोधणारे अपंग यांची सांगड घालायला सरकारी धोरण आखले, आणि २०१९ पासून अशा शेतमालासाठी खास गुणवत्ताचिन्ह आहे.

या सगळ्याच्या मागे एक जुना धागा स्कॉटलंडमध्ये सापडतो. कार्ल कोनिग हे व्हिएन्नाचे ज्यू कुळातले बालरोगतज्ज्ञ. हिटलरच्या भीतीने ते आणि त्यांचे सहकारी पळून अॅबरडीनजवळ आले. १ जून १९४० ला ते ‘कॅम्पहिल’ नावाच्या घरात राहायला जाणार होते, पण तोवर इंग्रजांनी त्यांच्यातल्या पुरुषांना शत्रुराष्ट्राचे नागरिक म्हणून स्थानबद्ध केले होते. बायकांनीच घर हलवले आणि मुलांची शाळा चालू केली. ही निर्वासित माणसे आणि ती नाकारलेली मुले यांची वसाहत वाढत गेली. १९५५ मध्ये यॉर्कशायरच्या बॉटन गावी मोठ्यांसाठी शेतीवर चालणारे गाव वसले. तिथे ‘कर्मचारी’ आणि ‘रुग्ण’ असे दोन गट नसत, सगळे एका घरात राहत. पुण्याजवळ मुळशी तालुक्यात, कोळवणच्या खोऱ्यातले ‘साधना व्हिलेज’ याच जातकुळीचे: बौद्धिक अपंगत्व असलेली प्रौढ माणसे घरासारख्या घरांत राहतात आणि आजूबाजूला शेती, गावकाम चालते.

आता अडचणीच्या प्रश्नाकडे येतो. याचा फायदा होतो हे सिद्ध झाले आहे का? २०१९ मध्ये ब्रिटिश संशोधकांनी देखभालीच्या शेतांवरच्या अभ्यासांचा सविस्तर आढावा घेतला. निष्कर्ष उत्साहावर पाणी टाकणारा होता: अभ्यास थोडे, लहान, आणि ठाम काही सांगता येईल असा पुरावा तोकडा. यात नवल नाही. एकाच मुलाला एकाच वेळी शेतावर आणि वर्गात पाठवून तुलना करता येत नाही. शिवाय शेतावर जायला जे तयार होतात तेच तिथे जातात. तेव्हा शेतीने अमुक टक्के सुधारणा होते असे कोणी छापले असेल तर ते पत्रक बाजूला ठेवावे.

दुसरा प्रश्न याहून बोचरा. हे शिक्षण की फुकटची मजुरी? मराठीत ‘सांगकाम्या’ हा शब्द आहे. प्रत्येक गावात एक तरी असे. कोणाच्या तरी लांबच्या नात्यातला, डोक्याने थोडा कमी म्हणून ओळखला जाणारा. गोठा काढ, पाणी भर, जळण आण. जेवायला मिळे, जुने कपडे मिळत, कोणी मारत नसे. गाव म्हणे, सांभाळलंय त्याला. तोही शेतावरच असे, दिवसभर कामातच असे, आणि आशिकागाचा डबा बडवणारा आणि तो यांच्यात लांबून बघणाऱ्याला फरक दिसणार नाही. फरक बघायचा तर दोन गोष्टी विचाराव्या. त्याला काम नको म्हणता येत होते का? आणि दहा वर्षांत त्याला नवे काम कोणी शिकवले का? सांगकाम्याला बैल जुंपायला कधी कोणी शिकवले नाही. शिकवायला वेळ लागला असता, आणि तोवर शेण काढायला कोण होते?

हाच निकष पैसे घेऊन चालणाऱ्या आधुनिक शेतांनाही लावावा. मुलगा तिसऱ्या वर्षीही तीच बादली उचलत असेल आणि त्याच्या योजनेत तेच वाक्य कॉपी-पेस्ट होत असेल, तर त्या हिरवळीत आणि मणी उसवणाऱ्या वर्गात फरक नाही. आपल्याकडे २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने ठरावीक प्रमाणाइतके किंवा त्याहून जास्त अपंगत्व असलेल्या मुलाला ६ ते १८ वयापर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क दिला. अठरा पूर्ण झाली की शाळेचा दाखला हातात येतो. एक आई मला म्हणाली, “दाखला मिळाला त्या दिवशी सगळे पेढे मागत होते. मला कळेना, सोमवारी याला न्यायचं कुठं?” तिच्या माहेरी दोन एकर बाग आहे.

कावाता २०१० मध्ये गेले. त्यांच्या संस्थेतली पहिल्या काळातली माणसे आता म्हातारी झाली आहेत. ज्यांना चढवत नाही त्यांच्यासाठी खालची कामे आहेत, धुणे, घड्या, स्वयंपाकघर. त्या उतारावर लागवड झाल्यापासून तणनाशक मारलेले नाही, म्हणून गवत कापायला उन्हाळाभर माणसे वर जातात. दर नोव्हेंबरला तिथे सुगीचा उत्सव असतो. वेलींखाली चटया टाकून हजारो पाहुणे वाइन प्यायला बसतात, आणि पहिल्यांदा येणारा प्रत्येक जण एकच चूक करतो: बाटली शेजारी ठेवतो. ती घरंगळत खालच्या चटईवर जाते. मग तो दोन्ही गुडघ्यांत पेला धरून, टाचा मातीत रोवून बसतो आणि वर, माथ्याकडे बघतो.